मणक्याला बिलगलेला स्नायू

शरीररचना विभागात मामांची सव्वीस वर्षं गेली. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. विद्यार्थ्यांसाठी प्रेतं तयार करायची, एकेक स्नायू सोडवून ठेवायचा, हे त्यांचं काम. कंबरेवर तर त्यांचा हात बसलेला. मणक्याला बिलगलेला एक स्नायू, त्याच्या बाहेरून दुसरा, आणि दोघांमध्ये चरबीची बारीक फट. "इथं सुरी नको, नुसतं बोट घाला," ते सांगायचे.

मामींचं इस्त्रीचं दुकान होतं. उभं राहून राहून कंबर गेली, नसा दबल्या, पाय बधिर पडू लागले. ऑपरेशन करणारे डॉक्टर मामांसमोरच शिकलेले.

"डॉक्टर, बाजूच्या फटीतून नाही का जाता येणार?" मामांनी चाचरत विचारलं.

"नसा दोन्हीकडून दबल्यात, मामा. मधूनच जायला हवं. स्नायू हाडावरून सोडवून बाजूला धरावे लागतील." मग ते हसले. "तुमचे पेशंट तक्रार करत नाहीत, माझे करतात."

मामाही हसले.

ऑपरेशन चार तास चाललं. पायांतला बधिरपणा गेला, पण कंबर उभी राहीना. दहा मिनिटांत मामी पुढे झुकायच्या, टेबल धरायच्या. आठ महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. स्नायू हवा तिथं पांढरी चरबी दिसत होती. मामांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फार वेळ ताणून धरला की कधी कधी त्याची नस जाते," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "पण आज पुन्हा करायचं झालं, तरी मी मधूनच जाईन."

मामांना कडाकडा भांडायचं होतं. पण माणूस खरं बोलत होता, आणि खऱ्याशी काय भांडणार?

मामी रोज सकाळी चटईवर पालथ्या पडून व्यायाम करायच्या, घामाघूम व्हायच्या. एकदा तशाच मान वळवून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कळतं यातलं. येईल ना ताकद? नुसती समजूत काढू नका हं."

मामा चटईपाशी बसले. मग म्हणाले, "गेलेला स्नायू परत येत नाही."

मामींनी चटई गुंडाळली ती गुंडाळलीच.

"अगं, आजूबाजूचे स्नायू शाबूत आहेत. त्यांच्यासाठी तरी कर," मामा दुसऱ्या दिवसापासून विनवत राहिले. हे तेव्हाच त्याच दमात का नाही बोललो, म्हणून स्वतःला खात राहिले. एकदा त्यांनी मामींच्या कंबरेवर बोटं ठेवली. "हा बघ, हा जिवंत आहे. लाव जोर."

"हात काढा," मामी म्हणाल्या. "मी काय तुमच्या टेबलावर आहे?"

मामींचं उभं राहणंच सुटलं, दुकान बंद झालं. वर्ष सरायच्या आत घरात चाकांची खुर्ची आली. तिला वाट व्हावी म्हणून मामांनी स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. स्क्रू गंजलेले होते, दुपार गेली. मामी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.