दुसऱ्या मजल्याचं नेटवर्क

"तुमी पाह्यलं होतं का, काका? खरं सांगा. सही करायच्या आधी पाह्यलं होतं का?"

काजल सिस्टर दवाखान्याच्या फाटकाबाहेर, ऑटो लागतात तिथे उभी होती. कालच तिच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं होतं आणि आत यायला तिला मनाई होती. रूपराव ढोल्यांनी स्कूटर थांबवली, पण ते खाली उतरले नाहीत.

"स्क्रीनवर सगळं बरोबर होतं," ते म्हणाले.

"बरोबर म्हंजे कसं?"

"दुसऱ्या मजल्याचे वायफायचे सातही डबे हिरवे होते."

"हिरवे होते!" ती ओरडली. फाटकावरच्या चौकीदारानं मान वर केली. "मंगळवारी अकरापासून माया टॅब नुसता गोल गोल फिरून राह्यला होता. दोनदा मी तुमच्या निकेशले सांगून आली. तो म्हने, बंद करून चालू करा. केला. चारदा केला. आन तुमी लिहून देता, नेटवर्क सुरळीत होतं? काऊन लिहून देल्लं?"

मुलीच्या वयाची पोरगी चार माणसांसमोर जाब विचारत होती. रूपरावांचं डोकं तापलं. "टॅब चालवता येत नाई, तं नेटवर्कवर ढकलू नका, सिस्टर," असं ते बोलून गेले आणि स्कूटर त्यांनी आत घातली.

स्टँडवर लावताना त्यांच्या लक्षात आलं की राग काजलचा आलेला नाही. त्यांनी पाहिलं नव्हतं.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा ट्रस्टचा दवाखाना. रूपराव इथे एकोणतीस वर्षांपूर्वी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. कोणत्या वॉर्डातून कोण बोलतंय, हे त्यांना 'हॅलो' म्हणण्याआधीच्या श्वासावरून कळायचं. पुढे टेलिफोनचा बोर्ड गेला. रूपराव केबल ओढायला शिकले, मग संगणकाचं नेटवर्क शिकले. छतावरचे वायफायचे डबे बसवले तेव्हा पुण्याहून आलेल्या माणसाकडून त्यांनी दोन दिवसांत एक गोष्ट नीट शिकून घेतली: त्या सगळ्या डब्यांवर हुकूम चालवणारा जो कंट्रोलर असतो, त्याच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे आणि त्यालाच विचारायचं, तुझ्या पोटात काय आहे. बाकीचे लोक रंगीत स्क्रीन पाहायचे. रूपराव काळी खिडकी उघडायचे. बारावी नापास माणसाला एवढं येतं याचं कौतुक कोणी केलं नाही. सगळे त्यांना वायरवाले काकाच म्हणत.

गेल्या वर्षी वॉर्डांत टॅब आले. प्रयोगशाळेचा रिपोर्ट धोक्याचा असला की टॅबवर लाल पट्टी यायची आणि टॅब वाजायचा. मग भिंतीवरचे फोन कशाला, म्हणून प्रशासनाच्या साहेबांनी ते काढायला लावले. ते स्क्रू रूपरावांनीच काढले. सिस्टर लोकांचे मोबाइल तर आधीच लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता.

मंगळवारी पुरुषांच्या वॉर्डात आंजीचा तानबा होता. किडनीचा जुना रोगी. सकाळी त्याचं रक्त तपासायला गेलं. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी प्रयोगशाळेनं टॅबवर निरोप पाठवला की पोटॅशियम फार वाढलंय, ताबडतोब डॉक्टरांना सांगा. प्रयोगशाळेच्या संगणकावर 'पाठवलं' अशी नोंद झाली. एक वाजून वीस मिनिटांनी तानबाचं हृदय बंद पडलं. निरोप येऊनही पाहिला नाही, असा ठपका काजलवर आला.

बुधवारी संध्याकाळी साहेबांचा शिपाई टाइप केलेला कागद घेऊन आला. 'तपासणी केली असता दुसऱ्या मजल्यावरील नेटवर्क दिवसभर सुरळीत असल्याचे आढळले.' निकेशनं रंगीत स्क्रीन दाखवली. रूपरावांची घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी सही केली.

आता ते तडक सर्व्हर रूममध्ये शिरले. निकेश, नागपूरच्या कंपनीनं इथे बसवलेला इंजिनिअर, चहा पीत होता.

"काका, रंगीत डॅशबोर्ड लावून देऊ का?"

"नको. सरक."

रूपरावांनी काळी खिडकी उघडली, आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. आधी विचारलं, कोणकोणती नेटवर्क आहेत. चार ओळी आल्या: ऑफिस, डॉक्टर, नर्सिंग, पाहुणे. चारही चालू. मग विचारलं, दुसऱ्या मजल्यावरच्या डब्यांच्या गटात यातली कोणती दिली आहेत. चारही होती.

"पाहा," निकेश म्हणाला, "आहे ना सगळं?"

"हे आजचं झालं. मले मंगळवारचं पाह्यजे."

निकेशनं कप खाली ठेवला.

सेटिंगमध्ये कोणी काय बदललं याची नोंद कंट्रोलर स्वतः ठेवतो, पण ठरावीक ओळींपुरतीच. नवी ओळ आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. रूपरावांनी ती यादी मागवली आणि वर वर जात राहिले. सगळ्यात जुनी ओळ मंगळवार सकाळी पावणेअकराची होती. म्हणजे आणखी थोडा वेळ ते फाटकावर भांडत राहिले असते, तर मंगळवारच उरला नसता.

अकरा वाजून चार मिनिटं. दुसरा मजला. नर्सिंगचं नेटवर्क गटातून काढलं.

एक वाजून बावन्न मिनिटं. दुसरा मजला. नर्सिंगचं नेटवर्क गटात घातलं.

दोन्ही ओळींपुढे निकेशचं लॉगिन होतं.

डबे चालूच होते. त्यांना वीज होती, पाहुण्यांचं नेटवर्क ते देत होते, म्हणून ते हिरवे होते. फक्त सिस्टरच्या टॅबला जे नेटवर्क लागतं, तेवढंच पावणेतीन तास त्या मजल्यावर नव्हतं.

रूपरावांनी आधी त्या ओळी फाइलमध्ये उतरवल्या, प्रिंट काढली, दुसरी काढली, आणि मगच मागे वळले.

"काऊन काढलं?"

"काका, हॉलमधे नव्या विंगच्या उद्घाटनाचं दाखवून राह्यले होते. व्हिडिओ अटकत होता. साहेब म्हणाले, काही पण कर, पाहुण्यांसमोर अटकायला नको. वॉर्ड त्याच मजल्यावर, तिकडचा लोड कमी केला."

"आन सिस्टर दोनदा आलती तुयाजवळ."

"मले वाटलं, पंधरा मिनिटांचं काम हाये. मग सगळे जेवायला गेले. मी बी गेलो." त्यानं मान खाली घातली. "विसरलो."

रूपरावांचा हात वर गेला होता. तो त्यांनी टेबलावर आपटला. कप उलटला, चहा की-बोर्डवर सांडला. "विसरला? बुधवारी स्क्रीन दाखवली तवा आठवलं नाई? मायी सही घेतली, तवा तोंडात काय भरलं होतं तुया?"

निकेश की-बोर्ड पुसू लागला. रूपरावांनी राग आवरला, कारण दोन मिनिटांत जे आज पाहिलं ते बुधवारीही दोन मिनिटांतच दिसलं असतं. त्यांनी दाराशी काढलेले बूट घातले, कागद घेतले आणि ते वर गेले.

धर्मेंद्र साहेब, प्रशासन अधिकारी, फाइलीवर सह्या करत होते. त्यांनी प्रिंट पाहिली, दुमडली आणि रूपरावांकडे परत सरकवली.

"हे तपासायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. बुधवारीच तपासाले पाह्यजे होतं."

"रूपराव, दीड वर्षात निवृत्त होणार तुम्ही. पेशंट आधीच गंभीर होता. काजलला आपण दोन महिन्यांनी दुसऱ्या विभागात घेऊ. तिचं काही वाईट होणार नाही."

"वाईट झालं न, साहेब. माणूस मारला म्हणून पत्र देल्लं तिले तुमी."

"आवाज खाली!"

"सकाळी मी बी तिले असंच गप केलं, फाटकावर." रूपरावांचा आवाज उलट चढला. बाहेरच्या कारकुनांची खटखट थांबली. "अजून किती कमी करावा तिनं? तोंड असून बोलू देल्लं नाई. मायी सही खोटी हाये. मी न पाहता केली. तसं लिहून देतो."

"लिहून दिलंत तर कारवाई तुमच्यावरही होईल."

"करा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांनी फाइलीतून एक कागद काढून समोर धरला. "आणि याचं काय कराल? मृताच्या बायकोची लेखी तक्रार. सिस्टर सकाळपासून एकदाही रोग्याजवळ फिरकली नाही. अंगठा आहे तिचा. तुमच्या यंत्रातून हेही पुसून काढणार?"

रूपरावांनी बाहेरच्या टेबलावर उभ्याउभ्या अर्ज लिहिला. 'मी दिलेला दाखला तपासणी न करता दिला होता. तो चुकीचा आहे.' सोबत प्रिंट जोडली, आवक-जावकच्या बाईंकडून शिक्का मारून घेतला, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आंजीला निघाले.

तानबाचं घर गावाच्या टोकाला होतं. रुख्माबाई अंगणात तुरी निवडत बसली होती. दवाखान्याचं नाव ऐकताच तिचे हात थांबले.

"अजून कायचा कागद आनला?"

"कागद नाई आनला, बाई. सांगाले आलो."

रूपराव खाली बसले. त्यांनी जे झालं ते सोपं करून सांगितलं. सिस्टरला निरोप पाठवला होता, तो ज्या वाटेनं यायचा ती वाट वरून बंद केली होती, कार्यक्रमासाठी. आणि ती चालू होती असं लिहून देणारा माणूस मीच.

रुख्माबाईनं सुपातली मूठभर तूर उचलली, परत टाकली. मग म्हणाली, "म्हंजे औषध होतं त्यावर?"

"डॉक्टरले कळलं असतं तं इलाज केला असता. वाचलेच असते, असं मी नाई म्हणू शकत."

"दोन तास त्यायच्या छातीत कसंतरी होत होतं. मी म्हणलं, थांबा, रिपोट येते." तिनं सूप बाजूला ढकललं. तूर अंगणभर सांडली. "नाचगाणं करत होते का वरतं? माया मानूस मरून राह्यला आन हे टीवी पाहून राह्यले?"

रूपराव मान खाली घालून बसले. तिनं त्यांना नको नको ते बोलून घेतलं. ते त्यांनी ऐकून घेतलं. ती दमल्यावर त्यांनी विचारलं, "सिस्टर एकदा बी आली नाई, असं तुमी लिहून देल्लं. खरंच आली नवती?"

"कोन म्हणते?" ती उसळली. "चारदा आलती ते पोरगी. नाडी पाहे, पानी पाजे, तो टॅब खाली-वर करे. डॉक्टरले बोलवाले बी धावत गेलती, तं डॉक्टर कार्यक्रमात."

"मंग तक्रार?"

"मले म्हणले, मुडदा न्यायचा तं अथी अंगठा लावा. मी लावला. काय लिहेल हाये ते कोणी वाचून दाखवलं?"

ती उठली. पदर खोचला, दार ओढून कडी घातली. "चाला. कोठं सांगा लागते हे?"

चार वाजता ती दोघं ऑफिसात होती. रुख्माबाई साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. साहेब समजावणीच्या सुरात बोलू लागले, तेव्हा तिनं मध्येच तोडलं.

"तो अंगठा माया हाये. शब्द माये नाईत. दुसरा कागद लिहा."

पुढे चौकशी पुन्हा लागली. वीस दिवसांनी काजलला कामावर घेतलं. 'समज देऊन' असं आदेशात होतं, ते दोन शब्द काढेपर्यंत तिनं आदेश घेतला नाही. रूपरावांशी ती त्यानंतर कामापुरतंच बोलली, आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. निकेशला कंपनीनं दुसरीकडे पाठवलं. रूपरावांची बदली कपड्यांच्या भांडारात झाली, त्यांचा पासवर्ड बंद केला गेला. साहेब आहेत तिथेच आहेत. वॉर्डात भिंतीवर फोन परत लागले, कोणाच्या आदेशानं ते कागदावर कुठेच नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आवक-जावकच्या बाई रुख्माबाई सांगेल तसं लिहीत गेल्या. कागद भरला तेव्हा ऑफिस सुटायची वेळ होऊन गेली होती. बाईंनी शाईचं पॅड उघडून पुढे सरकवलं.

रुख्माबाईनं हात पाठीमागे घेतला.

"आधी वाचा."

बाईंनी वाचलं.

"मोठ्यानं वाचा. सगळ्यायले ऐकू गेलं पाह्यजे."

बाई उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. जेवणाचे डबे उचलून निघालेले कारकून दारातच थांबले. 'सिस्टर काजल नेहारे माझ्या पतीजवळ चार वेळा आल्या,' हे वाक्य आलं तेव्हा साहेबही केबिनच्या उंबरठ्यावर येऊन उभे होते. रुख्माबाईची नजर कागदावर होती. शेवटी तानबाचं नाव आलं, तिथे बाईंचा आवाज किंचित अडखळला.

"ते नाव बरोबर नाई वाचलं," रुख्माबाई म्हणाली. "परत वाचा."

बाईंनी परत वाचलं. मग तिनं अंगठा पुढे केला.