ऑस्टरडालचा पितळी कोंबडा

ऑस्टरडालचा वारा असा, की माणूस घरातून निघाला की टोपी त्याच्या आधी चर्चला पोचते. म्हणून चर्चच्या शेंड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पितळेचा कोंबडा होता. धरण आलं, गाव तळ्यात जाणार म्हणून घरं चाकांवर घालून टेकडीवर ओढली. चर्चही ओढलं. वर पोचलं तर कोंबडा गायब! चर्चच्या किल्ल्या पाल्मरकडे, म्हणून आळही त्याच्यावरच. "भंगारात विकला मेल्यानं," म्हणाले. मरेपर्यंत पाल्मर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटाच बसला. शेजारी कुणी टेकलं नाही.

पाल्मरची लेक आर्लीस. आता केस कापसासारखे झाले, पण डोकं अजून तापलेलंच. संशय एकाच माणसावर, तेव्हा चर्च ओढायला असलेल्या डेल्मरवर. पुरावा मात्र नखाएवढा नाही.

मग तळ्याकाठच्या पायवाटेवर डब्यांचा खेळ आला. कुणीतरी डबी लपवायची, जागा इंटरनेटवर टाकायची, की लोक फोन हातात धरून झुडपं धुंडाळतात. डबीतल्या कागदावर पहिली सही करणारा तो राजा. आणि राजा नेहमी डेल्मर. म्हातारा जेवण अर्धं टाकून पळायचा.

आर्लीसनं नातीकडून सगळं शिकून घेतलं. पानगळीत धरणाचं पाणी उतरलं, चिखलातून जुन्या गावाचे चौथरे दात काढून वर आले, तशी तिनं बातमी टाकली, "पाल्मरचा कोंबडा सापडला. जिथं लपवला होता, तिथंच डबी ठेवली आहे." नकाशावर खूण केली ती पायवाटेवरच्या बाकाची, जिथून सगळा चिखल दिसतो. कोंबडा तिला कुठला सापडतोय! शुद्ध थाप.

सकाळी बाकापाशी निम्मं गाव गोळा. आर्लीस थर्मासमधली कॉफी वाटतेय, सोबत लोणी-साखर लावून गुंडाळलेले लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या.

"डबी कुठंय गं?" पाद्रीणबाई बाकाखाली वाकून बघत होती.

"येईल. तू खा."

आणि आलाच की! बाकाकडे ढुंकूनही न बघता डेल्मर फावडं घेऊन तरातरा चिखलात. ना नकाशा, ना फोन. थेट जुन्या बर्फघराच्या, बर्फ साठवायच्या खड्ड्याशी. सगळ्यांचे घास तोंडातच राहिले.

डेल्मरनं खणलं, ओढलं, आणि पोत्यातून हिरवा पडलेला कोंबडा बाहेर काढून छातीशी धरला. तोवर चिखलानं त्याला कमरेपर्यंत गिळलं होतं.

"अगं आर्लीस! दोर टाक!"

"टाकते की. पण हा इथं आला कसा, ते सांग आधी."

"आधी बाहेर तर काढ!"

"मला घाई नाही. चिखलाला असेल."

डेल्मर आणखी वीतभर खाली गेला. "गंमत केली होती गं! दुसऱ्या दिवशी परत ठेवणार होतो. तोवर तुझ्या बापाचं नाव आलं, मग तोंड उघडवेना."

"कुणी चोरला?"

"मी."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"मी चोरला! पाल्मरनं नाही!"

हे म्हणे पलीकडच्या काठावरच्या गायींनीसुद्धा ऐकलं. त्या दिवशी त्यांनी दूध दिलं नाही.

आर्लीसनं घरून आणलेला दोर टाकला. "आधी कोंबडा बांध."

कोंबडा काठावर आला. तिनं तो पुसला, शालीत गुंडाळला आणि चालू पडली.

"अगं, आणि मी?"

"अग्निशमनवाल्यांना बोलावलंय. उपाशीपोटी येऊ नका म्हटलंय, निवांत जेवून या."

पुढच्या रविवारी पाल्मरच्या बाकावर बसायला माणसांची रेटारेटी. कोंबडा चर्चच्या शेंड्यावर चढला. पाद्रीणबाई म्हणाली, "आर्लीस, वारा सुटलाय आणि हा फिरत कसा नाही?"

"वेल्डिंग करून घेतलंय."

"अगं, मग दिशा कशी कळणार?"

"कळते की," आर्लीस म्हणाली. कोंबड्याची चोच सरळ डेल्मरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होती.