सोबतीला आलेली ताई

धाकटीचं आतडं ऐन विशीत बिघडलं ते कायमचंच. सूज यायची, रक्त पडायचं, औषधांनी चार दिवस बरं वाटायचं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी तिने धरली तीसुद्धा यंत्राला लागूनच संडासाचं दार होतं म्हणून. थोरली ताई मात्र बस चालवायची. प्रकृती खणखणीत, आवाज त्याहून खणखणीत. घरात तिला सगळे पैलवान म्हणायचे. आजारी पडायचं धाकटीने आणि दवाखान्यात ने-आण करायची पैलवानने, अशी जणू वाटणीच झाली होती.

त्या दिवशीही दोघी पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी गोळ्या त्याच ठेवल्या आणि मध्येच विचारलं, "छातीची तपासणी कधी केली होती?"

"छातीची? अहो, दुखणं पोटाचं आहे!"

"हो, पण पुष्कळ लोकांची जनुकं तपासून झालेल्या काही अभ्यासांत आतड्याची ही सूज आणि स्तनाचा कर्करोग यांचं नातं असावं असं दिसतंय. अजून पक्कं नाही, धोका वाढत असला तरी थोडाच. पण चाळिशी उलटलीय तुमची. एकदा फोटो काढून घ्या."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं भोगलं ते कमी होतं की काय?

"आणि ताई, तुम्हीही काढा," बाई म्हणाल्या. "तुमचं पोट चांगलं असलं तरी आईवडील दोघींचे एकच."

"मला काय धाड भरलीय?" पैलवान हसली. पण धाकटी एकटी जायला तयार होईना, म्हणून तीही तयार झाली. यंत्राच्या गार पाट्यांमध्ये छाती दाबली गेली तशी ती आतूनच ओरडली, "बाई, इस्त्री करताय की फोटो काढताय?" बाहेर बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या.

आठवड्याने दोघींना परत बोलावणं आलं. धाकटीने मनाची तयारी केली होती. पिशवीत कपड्यांचा जोडही भरून घेतला होता.

"तुमचं सगळं स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला, तोच बाई ताईकडे वळल्या. "तुमच्या डाव्या बाजूला गाठ दिसतेय. तुकडा काढून तपासावा लागेल."



"फोटोंची अदलाबदल झाली असेल," धाकटी म्हणाली. बाईंनी नकारार्थी मान हलवली. तशी धाकटी खुर्चीतून उठलीच. "अहो, आजारी मी आहे! ही नाही, मी!"

पैलवान नुसती बघत राहिली, कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललंय तशी.

"माझ्यामुळे झालं का हिला?" धाकटीने विचारलं.

"नाही हो. एकीचं दुखणं दुसरीला लागत नाही. ही गाठ घराण्यातून आली की अशीच झाली, तेही आज कुणाला सांगता येणार नाही. पण आहे लहान. वेळेत सापडलीय."

दोघी स्टॉपवर आल्या. बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. ज्या रस्त्यावर ताईने निम्मं आयुष्य बस चालवली, तिथे ती उभी राहून विचारत होती, "आपण कुठल्या गाडीत बसायचं गं?"  धाकटीने ताईचं मनगट घट्ट धरलं आणि पुढच्या बसमध्ये तिला पुढे घालून चढवलं.

गाठ कर्करोगाचीच निघाली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार ठरले. पसरलेला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. धाकटी रोज दुकानातून थेट वॉर्डात जायची. उशी किती वर घ्यायची, नर्सकडे काय मागायचं, कुठल्या कुशीवर कमी दुखतं, हे सगळं तिला पाठ होतं.

एका संध्याकाळी पैलवान छताकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं असं पडून राहायला तुला जमलं कसं गं?"

तिच्या तोंडून हा प्रश्न आजवर कधी आला नव्हता.  धाकटीने ताईचं पांघरूण नीट केलं आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.