तालमीतलं विमान

मी शाळेत नाटकं बसवते. तालमीशिवाय मी कुणाला स्टेजवर पाऊल ठेवू देत नाही, मग स्वतःच्या पोरांना विमानात कशी ठेवू देईन? प्रवास लांबलचक, दोन पोरं आणि मी एकटी. सासूबाई म्हणाल्या, "एकाला तरी माझ्याकडे ठेव गं, हाल होतील तुझे." मी म्हटलं, "आई, तुम्ही काळजीच करू नका. अशी तालीम घेते की पोरं डोळे मिटून प्रवास करतील."

खरी धास्ती प्रवासाची नव्हतीच. नवरा कामासाठी परदेशात गेला तेव्हा धाकटी धड चालतही नव्हती. आता ती तीन वर्षांची आहे आणि दिवसभर घरभर गरगर फिरते म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. फोनवर बाप दिसला की ही पळून पलंगाखाली! तो बिचारा दर वेळी एकच विचारायचा, "ती येईल ना गं माझ्याकडे?" मी छातीठोकपणे सांगायचे, "न येऊन सांगते कुणाला!" फोन ठेवला की मात्र पलंगाखाली वाकून तिची मनधरणी करत बसायचे.

तर तालीम. हॉलमध्ये खुर्च्या एकामागे एक मांडल्या. थोरला सहा वर्षांचा, सगळ्या घराला हुकूम सोडतो म्हणून तो कारभारी. तो साधा प्रवासी व्हायला तयारच होईना, म्हणून त्याला वैमानिक केलं. भिंगरी हवाईसुंदरी. सासूबाई प्रवासी, आणि त्या विमान सुटायच्या आत घोरायला लागायच्या. काय जिवंत अभिनय! शेवटी विमान उतरायचं आणि दाराशी बाबा उभा असायचा. बाबाचं काम माझ्या भावाकडे दिलं होतं. तो बेकरीत पहाटेची पाळी करतो आणि दुपारी मोकळा असतो. पठ्ठ्या भूमिकेत असा रंगला की विचारू नका. "आली गं माझी राणी!" म्हणत हात पसरायचा आणि भिंगरी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडायची. रोजच्या रोज. मी टाळ्या वाजवायचे. म्हटलं, जिंकलं! आता बापाची काळजी मिटली.

प्रत्यक्ष प्रयोगाला पहिला घोळ झाला तो विमानाच्या दारातच. कारभाऱ्याने बूट काढले आणि दाराशी नीट जोडीने लावून ठेवले. त्याचं बघून भिंगरीनेही काढले. आमच्या हॉलमध्ये बूट घालून कुणाला येऊ देतात? मागे माणसांची ही रांग तुंबली. "घाल आधी ते बूट!" मी दातओठ खात पुटपुटले. तेवढ्यात कारभाऱ्याला उघड्या दारातून आत बसलेला खरा वैमानिक दिसला. कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, "आई, माझ्या जागेवर हा कोण बसलाय?"

वैमानिकाने हसून सलाम ठोकला, पण साहेबांचं समाधान झालं नाही. जागेवर बसल्यावरही खिडकीला नाक लावून ते ओरडत राहिले, "डावीकडे घे! अरे, डावीकडे!"

आमचं घरचं विमान चुटकीसरशी पोचायचं, कारण सासूबाईंची चहाची वेळ व्हायची. त्यामुळे पट्टे सोडायला सांगितल्याबरोबर भिंगरी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, उतरा सगळे!" खाली ढग होते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी घाबरून खरंच पट्टा पुन्हा बांधला.

उतरायला अजून खूप वेळ आहे हे कळल्यावर तिने कामच काढलं. एकाची उशी दुसऱ्याला, दुसऱ्याचा चष्मा तिसऱ्याला. आजोबांच्या ताटलीतला पाव उचलून पलीकडच्या बाईंना अगदी अदबीने दिला. मी "सॉरी, सॉरी" करत तिच्या मागे. मी उठले की कारभारी माझ्या जागेवर बसून सगळी बटणं दाबायचा. खरी हवाईसुंदरी आधी हसली, मग वैतागली. शेवटी कागदी रुमालांचा गठ्ठा भिंगरीच्या हातात देऊन म्हणाली, "हे वाट. हे संपेपर्यंत दुसरं काही करायचं नाही." भिंगरीने प्रत्येकाला एकेक वाटला आणि मग सगळे परत गोळा केले. वापरलेलेसुद्धा.

उतरलो तेव्हा माझ्या अंगात त्राण नव्हतं. तरी सामान घेऊन बाहेर येताना भिंगरीचा फ्रॉक दोनदा झटकून नीट केला. खांबाशी नवरा उभा होता. नवाकोरा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले, आणि किती वाळला होता! कारभारी "बाबा!" करत सुसाट सुटला आणि त्याला जाऊन बिलगला. नवऱ्याने एका हाताने त्याला धरलं, दुसरा हात भिंगरीकडे पसरला.

भिंगरी जागच्या जागी थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बाबा कुठेय?"

"हा काय, हाच बाबा," मी म्हटलं.

ती दोन पावलं पुढे गेली, मान लांब करून वास घेतला आणि मागे सरली. "हा नाही. बाबाला पावाचा वास येतो."

नवऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. तोंड एवढंसं झालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तालीम घ्यायची हौस मला, भावाला बाबा केलं मी, आणि आता भोगत होता तो.

भिंगरीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शाळेच्या तालमीला ती माझ्याबरोबर कोपऱ्यात बसलेली असते. हुबेहूब माझ्या आवाजात ती म्हणाली, "उशीर केलास. बाबाचं काम दुसऱ्याला दिलं. तू झाड हो."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"नियमच आहे तो," मी म्हटलं. "माझ्याकडे तालमीला उशिरा येईल त्याला झाडच करतात."

त्याने डोळे पुसले, कारभाऱ्याला सोडलं आणि दोन्ही हात वर केले. भर गर्दीत, नव्या शर्टात! लोक ट्रॉल्या ढकलत त्याला वळसा घालून जायला लागले. एक सुरक्षारक्षक जवळ आला. "साहेब, काही त्रास होतोय का?"

"नाही," नवरा म्हणाला, "मी झाड आहे."

भिंगरीने झाडाभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. गुडघ्याला बोट लावून बघितलं. झाड हललं नाही. मग ती त्याच्या बुटावर बसली, पायाला घट्ट मिठी मारली, गाल टेकला, आणि आख्ख्या प्रवासात जी पोरगी एक मिनिट झोपली नव्हती, ती तिथेच गाढ झोपली.

"हात खाली घेऊ?" नवरा कुजबुजला.

"खबरदार! उठेल ती."

"अगं, भरून आलेत."

"आम्ही दोन वर्षं थांबलो तुझ्यासाठी. तू जरा थांब."

तो हसत होता, रडत होता, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. पण त्याने ते खाली घेतले नाहीत.