साडेचार तासांचा जाब

शलमोन मास्तरांना एखादी चूक दिसली की ती बोटात शिरलेल्या कुसळासारखी. उपटून काढल्याशिवाय चैन नाही. तीस वर्षं मिशनच्या शाळेत भूगोल शिकवून ते पाथर्डीजवळच्या आपल्या गावी येऊन बसले होते आणि शिकवायला आता कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे कुवेतच्या इस्पितळात नर्स असलेल्या मरियाची, एकुलत्या एका लेकीची, पत्रं ते लाल पेन्सिल घेऊन वाचत.

सत्तर साली गेली तेव्हा तिनं कळवलं होतं, 'मुंबईहून सकाळी नऊला निघाले, साडेदहाला पोचले.' दीड तास. आता दोन वर्षांनी रजेवर यायचं पत्र आलं. 'इथून नऊला निघेन, तीनला मुंबईत.' सहा तास! मास्तरांचं डोकंच फिरलं.

"जाताना सतराशे मैल, येतानाही सतराशेच. मग हे वरचे साडेचार तास ही कुठं घालवणार? कुणापाशी?"

"अवं, इमान काय यष्टी हाय व्हय, मदीच उतराया?" भाकरी थापता थापता रेबेकाबाई म्हणाल्या. "येऊ द्या की पोरीला. मग इचारा काय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

ऐकून घेतील तर ते मास्तर कसले. लेक आपल्याशी खोटं बोलते, आणि तेही गणितात, हे त्यांना सहनच होईना. तिथल्या तिथे त्यांनी लिहिलं, 'साडेचार तासांचा जाब दिल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस.' रेबेकाबाईंनी पाकीट पदराखाली दडवलं, तर मास्तर ते हिसकावून घेऊन स्वतः टपालपेटीत टाकून आले.

तीन आठवडे रेबेकाबाई नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. मरियासाठी त्यांनी खोलीला चुना दिला, कुरडया घातल्या. मग उत्तर आलं.

'बाबा, इथली घड्याळं आपल्याहून अडीच तास मागं असतात. येताना ते तास वाढलेले दिसतात, जाताना कमी झालेले. विमानाला साडेतीन-चार तासच लागतात. रेखांशाचा धडा तुम्हीच घेतला होता. माझी रजा मी इथल्या दुसऱ्या नर्सला देऊन टाकली. आता माझी रजेची पाळी दोन वर्षांनी.'

एका रेखांशाला चार मिनिटं. एवढ्या एका वाक्यासाठी मास्तरांनी किती पोरांच्या हातावर छड्या ओढल्या होत्या! त्यांना स्वतःचाच संताप आला. ओरडावं तरी कुणावर?

रेबेकाबाई ओले हात पुसत बाहेर आल्या.

"पोरीचं हाय न्हवं? काय लिव्हलंय? हितं याया किती येळ लागतोय म्हनली?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"दोन वर्षं," ते म्हणाले.