अकरा आवाजांचं गाणं

लिओना क्रुपनिकच्या संगीत नाटकाचे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, नाटकांच्या गल्लीत, आठ प्रयोग झाले आणि नवव्या दिवशी थिएटरच्या दारावरून पाटी उतरली. ही गोष्ट सहासष्ट सालची. नाटक टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम करणाऱ्या मुलींचं होतं. एका समीक्षकाने लिहिलं, घरी जाताना गुणगुणावी अशी एकही चाल नाही. दुसऱ्याने लिहिलं, असे आवाज एकमेकांत गुंफलेले या गल्लीत आजवर कुणी ऐकले नसतील. लोकांनी पहिल्याचं ऐकलं.

त्यानंतर लिओनाला कुणी नाटक दिलं नाही. ती ब्रुकलिनच्या एका शाळेत गाणं शिकवायला लागली. भेटेल तो हळू आवाजात म्हणायचा, "पण कला म्हणून यशस्वी होतं हं तुमचं नाटक." मयताला आल्यासारखे चेहरे करून बोलायचे सगळे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अठरा वर्षांनी मर्विन ट्रेस्कचं पत्र आलं. मर्विन तेव्हा तिच्या नाटकाच्या निर्मात्याच्या कचेरीत कारकून होता, आता स्वतःच निर्माता झाला होता. जुन्या संगीत नाटकांतल्या निवडक गाण्यांचा एक कार्यक्रम रविवारी दुपारी करतोय, तुझ्या नाटकातलं अकरा मुलींचं गाणं हवंय, असं त्याने लिहिलं होतं. लिओनाने त्याच दिवशी सोबतच्या करारावर सही करून तो परत पाठवला. अकराही जणींची स्वरलिपी तिने स्वतःच्या हाताने नव्याने उतरवून काढली. शाळेतल्या शिक्षकांना सांगत सुटली. नवा निळा कोटसुद्धा घेतला.

शुक्रवारी न राहवून ती न कळवताच तालमीला गेली. आठव्या अॅव्हेन्यूवरच्या त्या हॉलच्या दारावर जाहिरात चिकटवलेली होती: 'फुसके बार! ब्रॉडवेवर सपशेल आपटलेल्या नाटकांची धमाल दुपार.' खाली बारा नाटकांची नावं होती. तिचं तिसरं.

आत अकरा तरुण मुली ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा भलामोठा टेलिफोन, कानांवरून हनुवटीपर्यंत आलेला. पियानो सुरू झाला. पहिलीने सूर लावला, दुसरीने तो उचलायचा होता, तिने भलताच उचलला, आणि पाचवीपर्यंत येता येता सगळ्याचा विचका झाला. मर्विन खुर्चीत रेलून हसत होता.

"मर्विन," मधल्या मुलीने टोपडं वर सरकवलं. तिचं नाव कॉरिन बॅब. "या पुठ्ठ्यातून काही ऐकूच येत नाही. आधीचीचा शेवटचा सूर धरूनच पुढचीला उठायचंय. ऐकल्याशिवाय गाणार कसं?"

"नका ना ऐकू. विस्कटू दे. विस्कटलं की लोक आणखी हसतील."

"विस्कटू दे?" लिओना दारातूनच ओरडली. "काय म्हणालास? विस्कटू दे?"

मर्विन ताडकन उठला. "लिओना! अगं, ये ना, बस. कॉफी घेणार?"

"कॉफी घाल चुलीत. तू मला निवडक गाणी म्हणून लिहिलंस."

"निवडकच आहेत की. पडलेल्यांतून निवडलीत. अगं, गंमत आहे नुसती. लोकांना तुझं नाव तरी कळेल."

"कशासाठी कळेल? माझं गाणं आधी मोडायचं आणि मग बघा कसं मोडकं आहे म्हणून दात काढायचे? हिंमत असेल तर नीट गाऊन दाखव आणि मग हस. आठ प्रयोगांत एकही माणूस हसला नव्हता, मर्विन. होते तेवढे श्वास धरून बसले होते."

"होते तेवढे म्हणजे किती, तेही सांग ना," मर्विन म्हणाला. "सही केलीयस तू. टोप्या राहणार."

लिओना तरातरा पुढे निघाली. तेवढ्यात कॉरिनने टोपडं काढून पियानोवर ठेवलं. शेजारच्या मुलीने काढलं. मग बाकीच्यांनी.

"आम्हाला एकदा नीट गाऊन बघायचंय," कॉरिन म्हणाली. "मिस क्रुपनिक, ताल तुम्ही द्या."

लिओनाने कोटही न काढता हात उचलला. पहिलीचा सूर दुसरीने अलगद उचलला, तिचा तिसरीने. सातवी चुकली. लिओनाने थांबवलं, म्हणून दाखवलं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. अकरावा आवाज आत आला तेव्हा हॉल भरून गेला होता आणि पियानोवाल्याने वाजवणं सोडून दिलं होतं. मर्विन ऐकत होता, हसत नव्हता. गाणं संपल्यावर त्याने हातातल्या कागदावर एक रेघ मारली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "माझ्या काही कामाचं नाही. हे झाल्यावर पुढच्या गाण्याला हसणार कोण? काढून टाकलं."

रविवारी कार्यक्रम तुडुंब भरला. तिचं गाणं नव्हतं. सूत्रधाराने फक्त तिच्या नाटकाचं नाव घेतलं, "आठ प्रयोग!" म्हणाला, आणि सभागृह खदखदून हसलं. कॉरिनने हे फोनवर सांगितलं. "पण शुक्रवारी तुम्ही जिंकलात, मिस क्रुपनिक."

"काय जिंकले? अकरा जणी गायल्या आणि कुणी ऐकलं नाही. अठरा वर्षं हेच जिंकतेय मी."

कॉरिन म्हणाली, "चेल्सी भागात आमच्या ओळखीच्या चर्चचा हॉल आहे. चाळीस खुर्च्या. आम्ही अख्खं नाटक करू म्हणतोय. प्रवेश फुकट ठेवू, म्हणजे लोक येतील."

"अजिबात नाही!" लिओनाचा आवाज पुन्हा चढला. "तिकीट लावायचं. दर शुक्रवारी, शनिवारी. आणि जाहिरातीत 'पडलेलं' लिहायचं नाही, 'दुर्लक्षित' लिहायचं नाही, 'कला' तर बिलकूल नाही. नवं संगीत नाटक असतं तसं लिहा. नाव, वार, वेळ, तिकीट कुठे मिळेल ते."

"बरं."

"व्हायोलिनं किती मिळतील?"

"एक."

"दोन हवीत," लिओना म्हणाली. "एकावर मी ताल द्यायला उभी राहणार नाही. आणि ती सातवी कोण? तिला उद्या चार वाजता शाळेत पाठव. नवव्या मात्रेला घसरते ती."