आत्याला फुटलेला पान्हा

पुंजाची बायको नाशिकच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. मागे राहिली मूठभर मुलगी. पुंजा तिला हातात घ्यायलाही घाबरायचा, म्हणून त्याची थोरली बहीण रोशनी पेठकडच्या पाड्यावरून धावत आली.

पोरीला वरचं दूध मानवेना. तेव्हा दवाखान्यातल्या लताबाई सिस्टर रोशनीला म्हणाल्या, "तुम्ही छातीशी लावून बघा."

रोशनी चपापली. "अवो, माझा पोरगा तिसरीत हाय. आता कुठलं दूध यायचं?"

"येतं कधी कधी. बाळ ओढत राहिलं की अंगाला आठवतं."

सिस्टरनं एक बारीक नळी तिच्या छातीला चिकटवली. नळीचं दुसरं टोक वाटीत, आणि वाटीत दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध. पोरगी चुटूचुटू ओढू लागली. रोशनीनं पदर ओढून भिंतीकडं तोंड केलं. ह्या बिनआईच्या लेकराला आपण फसवतोय, असं तिला वाटत राहिलं.

पुढं ती पोरीला घेऊन सासरी आली, नळी-वाटीसकट. वाटीत आता डब्यातलं पावडरीचं दूध असायचं; ते पोरीला हळूहळू मानवू लागलं होतं. कामं मागं पडली. पण सासू, कमळाबाई, भाकरीचं ताट पुढं सरकवत एवढंच म्हणायची, "लेकरू ओढतंय ना? ओढू दे."

एका दुपारी रोशनी अंगणात तांदूळ निवडत होती. घरात पोरगी रडली, आणि रोशनीच्या छातीत एकदम कळ आली. चोळी ओली झाली. हात लावला तर कोमट. सूप टाकून ती आत पळाली. पोरीला उचलून घेतलं, नळी न लावता. पोरगी घटाघटा गिळत होती. ओठांच्या कडेनं पांढरा ओघळ आला.

"आत्याबाई, या ना! बघा ना हे!"

कमळाबाई पिठाच्या हातांनी आली. बघतच राहिली. मग खाली बसून तिनं सुनेच्या पायाला हात लावला.

"अवो, हे काय करता?"

"तुझ्या नाय पाया पडत," कमळाबाई म्हणाली. "हे जे आलंय ना, त्याच्या पडते."

हळूहळू नळी सुटली. रविवारी पुंजा आला. झोपलेल्या लेकीच्या ओठांवरचं दूध बघून त्यानं विचारलं, "डब्यातलं?"

"नाय रं. माझं."

त्यानं पहिल्यांदा पोरीला स्वतःहून उचललं.

सहा महिने सरल्यावर कमळाबाईनं नागलीची मऊ पेज शिजवली. पोरीनं पहिला घास थुंकला, दुसरा चघळला, आणि तिसऱ्यासाठी स्वतःच तोंड उघडलं.